घटक ४ : दुःख, श्रद्धा आणि सांत्वन (मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आधारे)

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• मराठीत दुःख व्यक्त करणाऱ्या शब्दांतील आणि वाक्यरचनांतील अर्थभेद सांगता येतील.
• दुःखाकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी थोडक्यात मांडता येईल.
• पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात व लेखनात ही दृष्टी कशी उतरली, हे स्पष्ट करता येईल.
• या दृष्टीच्या मर्यादांची आणि तिच्यावरील आक्षेपांची चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा चार शतकांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत हिंदू विधवांच्या हालअपेष्टा मांडल्या. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या घडणीत ख्रिस्तभक्ती गायिली. आपल्या मराठवाड्यापुरते बोलायचे तर, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. पूर्णेहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच जालना आहे. म्हणजे ही परंपरा आपल्यापासून फार दूरची नाही.

या साहित्यातील एकच आशयसूत्र प्रस्तुत घटकात अभ्यासायचे आहे : माणसाला दुःखात श्रद्धेचा आधार मिळतो म्हणजे नेमके काय मिळते? श्रद्धा दुःखाचे कारण सांगते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मराठी ख्रिस्ती लेखिकांचे अनुभव तपासले असता वेगळी गोष्ट दिसते. 'हे का झाले?' या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळालेले नाही. 'या दुःखात माझ्यासोबत कोण आहे?' आणि 'आता मी काय करू?' या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र त्यांना मिळाली. प्रस्तुत घटकाचे प्रतिपादन हेच आहे.

४.३ विषयविवेचन

४.३.१ दुःखाची मराठी

प्रथम भाषेकडे पाहू. 'मला दुःख झाले' या वाक्यात दुःख अनुभवणारी व्यक्ती 'मला' या रूपात येते. ती काही करत नाही. तिच्या बाबतीत काही घडते. 'माझ्या वाट्याला आले', 'नशिबी आले' या रचनाही अशाच आहेत. 'मी दुःख सोसले', 'मी भार वाहिला' या वाक्यांत मात्र व्यक्ती कर्ता होते. दुःख तेच असते, पण त्याच्याशी असलेले तिचे नाते बदलते.

'भोग' हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत सुखही भोगतात आणि दुःखही भोगतात. 'भोग आहेत, दुसरे काय!' असे म्हणताना मागील कर्माचे फळ आता पदरात पडत आहे, ही कल्पना गृहीत असते. त्यामुळे दुःखाचा हिशेब लागतो. मात्र दुःख भोगणारी व्यक्ती आपोआप दोषी ठरते.

ख्रिस्ती मराठीने या शब्दसंग्रहात काही भर घातली. 'क्रूस' हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द गोवा व वसईच्या परिसरात रुळला. बायबलच्या मराठी भाषांतरांनी त्याच अर्थाने 'वधस्तंभ' हा संस्कृतप्रचुर शब्द रूढ केला. ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांसाठी 'दुःखसहन' हा शब्द वापरला जातो. यातील 'सहन' हे पद महत्त्वाचे आहे. शुभवर्तमानांत 'आपला क्रूस उचलणे' ही कल्पना येते. उचलणे ही कर्त्याची क्रिया आहे. 'भोग' वाट्याला येतो. 'क्रूस' उचलला जातो. ख्रिस्ती सांत्वनाचे मर्म या क्रियापदभेदातून समजून घेता येते.

४.३.२ ख्रिस्ती परंपरेतील आधार

बायबलमधील चार प्रसंग येथे उपयुक्त ठरतात.

(अ) ईयोबाचे मित्र : संपत्ती, मुलेबाळे आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. नंतर ते बोलू लागतात आणि 'तुझ्या हातून काही पाप घडले असेल' असे त्याला पटवू पाहतात. ग्रंथाच्या शेवटी देव या मित्रांनाच दोष देतो. त्यांची निःशब्द सोबत योग्य होती. त्यांचे स्पष्टीकरण चुकीचे होते.

(आ) जन्मांध मनुष्य : योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. दुःखावरून दोषी ठरवण्याची रीत येथे स्पष्टपणे मोडली आहे.

(इ) क्रूसावरील आक्रोश : मृत्यूच्या वेळी येशू देवाने आपला त्याग का केला, असा प्रश्न मोठ्याने विचारतो. हा प्रश्न बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभी आहे. म्हणजे तक्रार हीसुद्धा प्रार्थना होऊ शकते. श्रद्धावंताने रडू नये, विचारू नये, असा नियम या परंपरेत नाही. देवाशी भांडणारे आपले संतकाव्य ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. रेव्हरंड टिळकांनी आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे सांगितले त्याची संगती येथे लागते.

(ई) पौलाचे पत्र : करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल म्हणतो की संकटात आपल्याला मिळालेले सांत्वन इतर संकटग्रस्तांना देण्यासाठी आहे. सांत्वन घेणाऱ्याजवळ साठून राहत नाही. ते पुढे जाते.

आपली प्रगती तपासा – १
१. 'मला दुःख झाले' आणि 'मी दुःख सोसले' यांत कोणता फरक आहे?
२. ईयोबाच्या मित्रांचे काय चुकले?

४.३.३ पंडिता रमाबाई : सांत्वनातून कार्याकडे

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा करत आणि पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण दगावली. त्यानंतर रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचले. तेथे रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव झाला. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. संसार दोन वर्षेही टिकला नाही.

सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने महाराष्ट्रात वादळ उठले आणि जवळची माणसेही दुरावली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रद्धेने त्यांचे गेलेले आप्त परत दिले नाहीत. उलट त्यांच्या एकाकीपणात भरच पडली. मग त्यांना काय लाभले? त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले असता उत्तर मिळते. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ती सदन' उभे राहिले.

ज्या दुष्काळाने आपले घर बुडवले, त्याच दुष्काळाच्या दारात ही स्त्री वीस वर्षांनी पुन्हा उभी राहिली. या वेळी ती भुकेने भटकणारी मुलगी नव्हती, तर मुलींना हात देणारी आई होती. पौलाच्या पत्रातील सांत्वनाचा क्रम येथे प्रत्यक्षात आलेला दिसतो. आपल्या भूतकाळातील यातनांना रमाबाईंनी जो अर्थ दिला, तो या कार्यातून दिला.

अखेरच्या काळात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. संस्कृतची पंडिता साध्या मराठीकडे वळली. कारण मुक्ती सदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना ते वाचता यावे, ही तिची तळमळ होती. सांत्वन समजेल अशा भाषेत असावे लागते, हा या श्रमामागील भाषिक विचार आहे. जुलै १९२१ मध्ये मनोरमा निवर्तली. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

४.३.४ लक्ष्मीबाई टिळक : हसत सांगितलेले दुःख

लक्ष्मीबाईंची (१८६८–१९३६) गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कारण त्यांच्या बाबतीत पतीची श्रद्धा हेच आरंभी दुःखाचे कारण होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पती जिवंत असूनही लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. लहान मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेली ती वर्षे अपमानाची आणि संभ्रमाची होती. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हा विचार स्वतःच्या मनाशी झगडून पक्का झाला, तेव्हाच त्यांनी बाप्तिस्म्याचा मार्ग धरला (१९००).

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले; त्यातील बहुतांश अध्याय त्यांचेच आहेत. पतिवियोगाचे दुःख त्यांनी अपुऱ्या कार्याचा भार उचलून सोसले.

त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याची भाषा लक्षपूर्वक पाहावी. वाक्ये छोटी आणि बोलीच्या अंगाने जाणारी आहेत. धर्मोपदेशाची परिभाषा जवळपास नाही. आजोबांच्या फाशीच्या धक्क्यातून वडिलांच्या मनात बसलेले सोवळ्याचे वेड असो, की टिळकांचा तापट व लहरी स्वभाव असो, त्या हे सारे विनोदाने सांगतात. हा विनोद दुःख झाकत नाही. दुःखाकडे थोडे दूर उभे राहून पाहता येऊ लागल्याची ती खूण आहे. 'मला झाले' येथून 'मी सांगते' येथपर्यंतचा हा प्रवास आहे. लक्ष्मीबाई कोठेही आपल्या दुःखाचे दैवी कारण सांगण्याच्या भरीस पडत नाहीत. म्हणूनच अन्य धर्मांचे आणि निरीश्वरवादी वाचकही या ग्रंथाला आपला मानतात.

आपली प्रगती तपासा – २
१. रमाबाईंनी बायबलचे भाषांतर सोप्या मराठीत का केले?
२. 'स्मृतिचित्रे'तील विनोदाचे कार्य कोणते?

४.३.५ आक्षेप आणि तुलना

या दृष्टीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. दुःखाला अर्थ आहे असे म्हटले, की अन्याय सोसत राहण्याची शिकवण मिळत नाही काय? उपाशी माणसाला, मार खाणाऱ्या स्त्रीला 'हा तुझा क्रूस आहे' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. हा आक्षेप योग्य आहे आणि इतिहासात असा गैरवापर झालेलाही आहे. म्हणून दोन प्रकारच्या दुःखांत भेद करावा लागतो. मृत्यू, वियोग, असाध्य आजार ही दुःखे माणसाला पूर्णपणे टाळता येत नाहीत. जात, लिंगभेद, शोषण यांतून येणारी दुःखे मानवनिर्मित आहेत. ती दूर करायची असतात, पवित्र मानायची नसतात. रमाबाईंनी विधवांच्या छळाला दैवी अर्थ दिला नाही. त्यांनी विधवांसाठी शाळा काढली.

पूर्णा परिसरातील आपल्यापैकी अनेक विद्यार्थी बौद्ध आहेत, अनेक वारकरी कुटुंबांतील आहेत, काही मुस्लीम आहेत. बौद्ध विचार दुःखाचे अस्तित्व, त्याचे कारण आणि त्याचा निरोध यांचा विवेकाने शोध घेतो. वारकरी परंपरा प्रारब्ध मानते, पण विठ्ठलाच्या सोबतीने ते हलके करते. इस्लाममध्ये 'सब्र' या मूल्याला मोठे स्थान आहे. ख्रिस्ती दृष्टीचे वेगळेपण असे, की तेथे देव स्वतः दुःख भोगणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. ही तुलना श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यासाठी नाही. प्रत्येक परंपरा दुःखी माणसाला कोणते शब्द पुरवते, हे समजून घेण्यासाठी ती आहे.

४.४ सारांश

मराठीत दुःख 'होते', 'भोगावे लागते', तसेच ते 'सोसले' आणि 'उचलले'ही जाते. ख्रिस्ती परंपरा दुःखाचे कारण सांगण्यापेक्षा दुःखितासोबत राहण्यावर भर देते आणि तक्रारीलाही प्रार्थनेत स्थान देते. रमाबाईंनी मिळालेले सांत्वन सेवेतून पुढे दिले. लक्ष्मीबाईंनी ते अपुरे कार्य पूर्ण करण्यात आणि प्रांजळ, विनोदी कथनात शोधले. मानवनिर्मित दुःखाला मात्र अर्थ देण्यापूर्वी ते थांबवले पाहिजे.

४.५ शब्दार्थ

प्रारब्ध – पूर्वकर्माचे आता भोगावे लागणारे फळ
निरोध – थांबवणे, नाहीसे करणे
शुभवर्तमान – येशूच्या जीवनाचे व शिकवणीचे कथन करणारा बायबलमधील ग्रंथ
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलविधी
सब्र – संयमपूर्वक धीर धरणे

४.६ 'आपली प्रगती तपासा' : उत्तरसूचना

१.१ पहिल्या वाक्यात व्यक्ती केवळ अनुभव घेणारी आहे. दुसऱ्यात ती कर्ता आहे.
१.२ सोबत सोडून त्यांनी दुःखाचे स्पष्टीकरण दिले आणि दुःखितालाच दोषी ठरवले.
२.१ अल्पशिक्षित स्त्रियांना ते वाचता व समजता यावे म्हणून.
२.२ दुःखाकडे अंतरावरून पाहण्याची आणि ते कथन करण्याची क्षमता देणे.

४.७ स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. 'सांत्वन म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, सोबत होय' या विधानाची साधार चर्चा करा.
२. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या दुःखानुभवातील साम्यभेद लिहा.

(आ) टीपा लिहा
१. 'भोग' आणि 'क्रूस'  २. मानवनिर्मित दुःख  ३. 'ख्रिस्तायन'ची पूर्तता

(इ) उपक्रम
आपल्या गावात दुःखवट्याच्या घरी भेटायला गेलेली माणसे काय बोलतात, हे आठवून अशी दहा वाक्ये लिहा. उदाहरणार्थ, 'धीर धरा', 'देवापुढे कोणाचे चालत नाही', 'आता लेकरांकडे बघा'. यांपैकी कोणती वाक्ये दुःखाचे कारण सांगतात, कोणती सोबत देतात आणि कोणती पुढच्या कर्तव्याकडे नेतात, असे वर्गीकरण करा. त्या प्रसंगी कोणी वही-पेन घेऊन बसू नये. आठवणीतून लिहावे आणि कोणाचेही नाव नोंदवू नये. वर्गीकरण झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा : आपल्यावर तशी वेळ आली होती, तेव्हा यांतील कोणते वाक्य आपल्याला खरोखर उपयोगी पडले? आपले उत्तर शेवटी चार-पाच ओळींत लिहा.