लहान विमान आणि पुढारपण

पुढारी व्हावें, ही इच्छा पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत असते. परंतु पुढारपण म्हणजे काय, याचा विचार फार थोडे करितात. वर्गनायक असो वा क्रिकेट-संघाचा कप्तान असो, इतरांचें हिताहित त्याच्या हातीं असतें. ही जबाबदारी लहान विमानाच्या वैमानिकापासून उत्तम प्रकारें शिकतां येते, असें आम्हांस वाटतें. कारण तेथें एकाच्या चुकीचें फळ सोबत बसलेल्यासही भोगावें लागतें.

पहिला धडा दिशेचा. विमानाचा मार्ग केवळ एक अंशानें चुकला, तर साठ मैलांनंतर तें सुमारें एक मैल बाजूस जातें. म्हणून दक्ष वैमानिक नदी, पूल, रेल्वेचा रस्ता इत्यादि खुणा नकाशाशीं वारंवार ताडून पाहतो. संघांतील गैरसमजही असाच असतो. आज तो एका शब्दानें मिटतो. महिन्यानंतर शंभर शब्दही अपुरे पडतात.

दुसरा धडा संयमाचा. विमानास आधार पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा असतो. नाक प्रमाणाबाहेर वर उचललें, तर हा प्रवाह विस्कळीत होऊन आधार तुटतो व विमान खालीं येऊं लागतें. नवशिका घाबरून दांडा अधिकच मागें ओढूं पाहतो आणि संकट वाढवितो. खरा उपाय उलट आहे: दांडा पुढें सारून नाक खालीं करावें. पुरेशी उंची असल्यास विमान सांवरतें. हरणाऱ्या संघावर ओरडणाऱ्या कप्तानानें हें ध्यानांत ठेवावें. थकलेल्यांवरील ताण अगोदर कमी करावा. उंची राखावी ती त्यांच्या बळावरच.

तिसरा धडा विश्वासाचा. १९३१ सालीं प्रथम उडालेल्या टायगर मॉथ या शिक्षण-विमानांत गुरु पुढें व शिष्य मागें बसे. दोघांपाशींही दांडा असे. अशा विमानांत सूत्रें सोपविणारा तसें स्पष्ट सांगतो व घेणारा तसेंच उत्तर देतो; नाहींतर दोघेही ओढतील किंवा कोणीच धरणार नाहीं. काम वांटतांना तें कोणाचें, हें असेंच स्पष्ट सांगावें.

चौथा धडा मनाच्या मोठेपणाचा. आगाखानांनीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील एकट्यानें करावयाच्या उड्डाणासाठीं हिंदी वैमानिकांस बक्षीस लाविलें होतें. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. मिसर देशांतील अबुकीर येथें इंजिनियर स्पार्क प्लगच्या अभावीं अडकले होते. टाटांनीं आपल्याजवळील प्लग प्रतिस्पर्ध्यास दिला. बक्षीस इंजिनियर यांस मिळालें. परंतु टाटांचें नांव त्यामुळें उणें झालें नाहीं.

पालकांसही एक विनंति. शिष्य तयार झाला म्हणजे गुरु विमानांतून उतरतो व त्यास एकट्यास उडूं देतो. गुरूचें कौशल्य योग्य वेळीं उतरण्यांतही असतें. घरांतील लहानसें काम मुलावर सोंपवून आपण हात आवरावा. उद्यांचे पुढारी त्यांतूनच घडतील.