ऊस ओढायचा ट्रक घेताना क्राऊनचे दात मोजा



हंगाम तोंडावर आला की आपल्यापैकी बरेच जण वाहतुकीसाठी गाडी घ्यायचा विचार करतात. कुणी सोसायटीचे कर्ज काढतो, कुणी जुनी गाडी बघून ठेवतो. गाडी बघायला गेल्यावर इंजिन किती हॉर्सपॉवरचे, टायर किती झिजलेत, कागद साफ आहेत का, एवढे सगळे विचारतात. मागच्या एक्सलमध्ये क्राऊन कोणता बसवलाय, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्हीही विचारत नव्हतो. त्याची शिक्षा एका सभासदाला झाली, म्हणून हा लेख.

आपल्या एका सभासदाने हमरस्त्यावर माल वाहणारा जुना ट्रक घेतला. वाहतुकीच्या करारापूर्वी गाडी आम्हीच डोळ्यांखालून घातली होती. इंजिन ठणठणीत, टायर बरे. आम्ही मान डोलावली. पहिलीच खेप ओढ्याकाठच्या रानातून भरली. गाडी भरली आणि बांधावरचा चढ काही चढेना. ड्रायव्हरने क्लच धरून धरून जोर लावला, शेवटी क्लचप्लेट जळाली. मोळ्या उतरवून दुसरी गाडी आणेपर्यंत ऊस तिसऱ्या दिवशी काट्यावर आला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्हीच सांगत असतो. उशीर झाला की वजन घटते आणि साखरही उतरते. नुकसान गाडीवाल्याचे झाले तसे ऊसवाल्याचेही झाले. गाडी खोलल्यावर कळले, इंजिनात काही दोष नव्हता. क्राऊन पळण्याचा होता, ओढण्याचा नव्हता. शर्यतीचा बैल नांगराला जुंपावा, तसा प्रकार झाला.

क्राऊन म्हणजे काय?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टने मागे जाते. तिथे डिफरन्शियलमध्ये एक लहान दातेरी चाक असते, तो पिनियन. तो एका मोठ्या चाकाला फिरवतो, तो क्राऊन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की जो आकडा येतो, ते त्या एक्सलचे प्रमाण. क्राऊनला 41 आणि पिनियनला 6 दात असतील तर प्रमाण 6.83. म्हणजे शाफ्टचे 6.83 फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. क्राऊनला 39 आणि पिनियनला 7 दात असतील तर प्रमाण 5.57. आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि पळ कमी. आकडा लहान तितकी पळ जास्त आणि ओढ कमी. आपण पहिल्याला ओढीचा क्राऊन म्हणू, दुसऱ्याला पळीचा.

आता पहिला गिअर 7 चा धरा. 7 गुणिले 6.83 म्हणजे सुमारे 48. 7 गुणिले 5.57 म्हणजे 39. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पण चाकावर इंजिनाचा पीळ एका गाडीत 48 पट होऊन पोचतो, दुसरीत 39 पट. शंभरात बावीस-तेवीसचा फरक पडला. रानातल्या चढावर गाडी निघणे आणि न निघणे यांत एवढेच अंतर असते.

डिझेलचे गणित

इथे कुणीही म्हणेल, साहेब, पळीचा क्राऊन डिझेल कमी खातो. खरे आहे, पण अर्धेच. नीट बघू.

ट्रकच्या टायरचा घेर 3.2 मीटर धरा आणि वरचा गिअर सरळ, म्हणजे 1 चा. ताशी 60 किलोमीटरने गाडी चालली की पळीच्या क्राऊनवर इंजिन मिनिटाला सुमारे 1740 फेरे करते, ओढीच्या क्राऊनवर 2135. वेग तोच, काम तेच, पण फेरे जास्त म्हणजे इंजिनाच्या आतले घर्षण जास्त आणि डिझेल जास्त. हमरस्त्यावर पळीचा क्राऊन जिंकला.

आता आपल्या रस्त्यावर या. कालव्याची वाट, गावातली वळणे, वर उसाचा भार. गाडी ताशी 40 च्या वर जातेच कुठे? 40 ला वरच्या गिअरमध्ये पळीच्या क्राऊनवर इंजिन 1160 फेऱ्यांवर येते. भरलेल्या गाडीत एवढ्या कमी फेऱ्यांवर जोर पुरत नाही. इंजिन धडधडते, काळा धूर सोडते. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आपलाच पैसा. मग ड्रायव्हर गिअर खाली टाकतो. तो 1.6 चा असेल तर फेरे जातात 1850 वर. ओढीच्या क्राऊनची गाडी त्याच 40 ला वरच्याच गिअरमध्ये 1420 फेऱ्यांवर निवांत चाललेली असते. बघा, डिझेल वाचवायला घेतलेला क्राऊन आपल्या रस्त्यावर उलट जास्त डिझेल खातो. वर क्लचप्लेटचा खर्च वेगळाच.

आणि वेळेचे म्हणाल तर, 20 किलोमीटरला ताशी 60 ने 20 मिनिटे लागतात, 40 ने 30. दहा मिनिटे वाचवून काट्याच्या रांगेत जाऊन उभेच राहायचे ना?

नुसता क्राऊन बघून भागत नाही

अमेरिकेत पिकअप विकत घेताना मागच्या एक्सलचे प्रमाण निवडायची सोय पूर्वीपासून आहे. मागे जड ट्रेलर जोडायचा असेल तो 3.73 किंवा 4.10 घेतो, रिकामा फिरणारा त्याहून लहान आकड्याचा घेतो. पण तिथेही आता हिशेब बदलला आहे. फोर्डच्या एफ-150 या पिकअपला 2017 च्या मॉडेलपासून दहा गिअरचा गिअरबॉक्स मिळू लागला. त्याचा पहिला गिअर 4.70 चा. त्याआधीच्या सहा गिअरच्या डब्याचा पहिला गिअर 4.17 चा होता. आता गुणाकार करा. जुन्यात 3.73 च्या एक्सलने 15.6 येतात, नव्यात 3.55 च्या एक्सलने 16.7. एक्सलचा आकडा लहान असूनही नव्या गाडीची उठण्याची ओढ जास्त. धडा एवढाच की पहिला गिअर आणि एक्सल यांचा गुणाकार बघावा. बेणे, खत, भाजीपाला वाहायला पिकअप घेणाऱ्या सभासदांनीही विक्रेत्याकडून हे दोन आकडे लिहून घ्यावेत.

दुसरी गोष्ट टायरची. ऐट म्हणून मोठे टायर घालू नका. टायरचा घेर शंभराला पाचने वाढला की 6.83 चा क्राऊन 6.50 सारखा वागतो. ओढ कमी होते, आणि वेगाचा काटाही खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

जुन्या गाडीचे प्रमाण कसे ओळखावे?

हे काम मेकॅनिकला सोबत घेऊन करावे. साध्या दोन मागच्या चाकांच्या एक्सलची गाडी सपाट जागी उभी करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ओटी लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. मागची एकच बाजू जॅकने उचलून खाली मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेले चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोनच का? एक चाक जमिनीवर अडलेले असते, म्हणून डिफरन्शियलमुळे मोकळ्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एक फेरा होतो. शाफ्ट पावणेसातच्या थोडा पुढे गेला तर 6.83, साडेपाचच्या थोडा पुढे गेला तर 5.57.

ध्यानात ठेवा

1. वर्षाची निम्म्याहून अधिक कमाई रानातून भरलेल्या उसाची असेल तर ओढीचाच क्राऊन घ्या. हंगामानंतर गाडी हमरस्त्यावर जास्त पळणार असेल तर मधला, सहाच्या आसपासचा घ्या आणि रानात खालचे गिअर वापरा.

2. क्राऊन-पिनियन नेहमी जोडीने बदला. जुन्या क्राऊनला नवा पिनियन लावला की दोन्ही लवकर जातात. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सलचे प्रमाण सारखे हवे.

3. क्राऊन गाडी ओढतो, थांबवत नाही. ओढ वाढली म्हणून मोळ्या वाढवू नका. ब्रेक, चासी, टायर तेवढेच राहतात. पासिंगचे वजन ही हद्द आहे.

4. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून भरलेली गाडी उतारावर सोडणे म्हणजे वाटेवरच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

यंदा करारापूर्वी गाडी बघताना टायर आणि कागदांबरोबर एक्सलचे प्रमाणही आम्ही नोंदवून घेणार आहोत. गाडी घेण्याआधी शंका असेल तर गट ऑफिसात या किंवा चिटबॉयकडे निरोप द्या. विसार दिल्यावर येऊ नका, आधी या. त्या बांधावर जळालेल्या क्लचचा वास अजून आमच्या नाकात आहे.