टाक्याची जखम : घरी आल्यावरच जास्त लक्ष द्या

आज पिकाचा नाही, अंगावरच्या जखमेचा सल्ला.

हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन, हाडाचं ऑपरेशन, काहीही असो. दवाखान्यातून सोडताना जखम बहुतेक चांगलीच दिसते. संसर्ग वर येतो तो साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, म्हणजे माणूस घरी आल्यावर. महिनाभर जपायचं. आत जाळी किंवा रॉड बसवला असेल तर किमान तीन महिने.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस टाक्यांच्या कडेला थोडी लाली, थोडं दुखणं, किंचित पाण्यासारखा स्राव चालतो. पण दुखणं रोज कमी व्हायला पाहिजे. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, जखम गरम लागली, सुजली, पू किंवा वास आला, टाका उसवला, 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. शुगर असलेल्यांना दुखणं कमी जाणवतं, त्यांनी दुखण्यावर न जाता डोळ्यांनी बघावं.

मोबाईल आहेच हातात. रोज उजेडात एक फोटो काढा. लाली असेल तर तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली की थांबायचं नाही.

डॉक्टर एक-दोन टाके काढून पू बाहेर काढतील, जखम धुतील, रोज ड्रेसिंग सांगतील. टाके उघडले म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे. आत पू साठलेला असताना नुसत्या गोळीनं भागत नाही, औषध तिथवर नीट पोचतच नाही. म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणू नका, घरातल्या उरलेल्या तर नकोच. गरज असेल तर डॉक्टर पू तपासायला पाठवून औषध ठरवतात. दिलेला कोर्स मधेच सोडू नका.

हळद, राख, चुना-तंबाखू जखमेवर नको. म्हशीच्या दगडीची ट्यूब किंवा जनावराच्या जखमेचा स्प्रेही नको. (हसू नका, घराघरांत होतंय हे.) टाके निघून जखम भरेपर्यंत शेण काढणं, धारा काढणं, पाचटात जाणं दुसऱ्या कुणाला तरी सांगा. ड्रेसिंग करणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवावेत.

कातडी काळी-जांभळी पडली, फोड आले, दाबल्यावर आत चरचर लागली, लाली तासातासानं पसरली, किंवा ताप येऊन धाप, गुंगी, बडबड सुरू झाली, तर 108 ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जा. कोल्हापुरात सीपीआर आहे. सकाळी डेअरीला दूध घालून मग जाऊ, असं म्हणत रात्र काढू नका.