कंपासपेटीतला खडू आणि कोठीतली गोळी



मागच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत मला एक खडू दिसला. पांढरा, अगदी आपल्या फळ्यावरच्या खडूसारखा. विचारलं तर म्हणाला, "बाई, मुंग्यांचा आहे. ओट्याखाली होता." पाटीवर दोन रेघा ओढूनही झाल्या होत्या! आधी त्याला साबणाने हात धुवायला लावले. मुंग्या-झुरळांच्या या खडूत कीटकनाशक असते. मूल हाताने पाटी पुसते आणि त्याच हाताने डबा खाते, हे आपण रोज बघतो.

त्या दिवशी परिसर अभ्यासाचा तास यावरच घेतला. "घरात किडे, उंदीर, डास यांच्यासाठी काय काय आणता?" असे विचारले आणि फळा भरून गेला. त्यात एका मुलीने सहज सांगितले, "आम्ही ज्वारीत गोळी टाकतो."

पालकहो, या गोळीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे. आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. वर्षाची ज्वारी घरात भरून ठेवायची आपली पद्धत आहे, आणि किडे लागले की कुणीतरी ही गोळी सुचवतो. ती असते ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. किडे मरतात ते या वायूने, आणि माणूसही त्यानेच मरतो. यावर उतारा नाही. घरगुती वापरासाठी ही गोळी विकायला परवानगीच नाही. ती सरकारी गोदामे आणि परवानाधारक कीडनियंत्रकांसाठी आहे. तरीही कागदाच्या पुडीत सुटी मिळते, ना नाव, ना सूचना. आणि आपण काय करतो? कोठीत पुडी टाकतो आणि थंडीत खिडक्या लावून त्याच खोलीत मुलांना घेऊन झोपतो. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो. लसणासारखा किंवा कुजलेल्या माशासारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असे समजू नका. घरातल्या सगळ्यांना एकदम उलट्या, पोटदुखी, छातीत घुसमट सुरू झाली की आपण रात्रीच्या जेवणाला दोष देतो. तिथेच वेळ जातो.

गोळी आधीच टाकलेली असेल तर दारे-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि त्या घरात झोपू नका. स्वतः हात घालून पुडी काढू नका. मोरीत तर मुळीच टाकू नका, कारण पाणी लागले की वायू भराभर सुटतो. परवाना असलेल्या माणसाला बोलवा.

मग ज्वारी टिकवायची कशी? आपल्याकडे पूर्वी जमिनीत पेव असायचे. तोंड बंद केले की आतले धान्य आणि किडे श्वास घेऊन हवेतला प्राणवायू संपवत आणि किडे गुदमरून मरत. म्हणूनच पेव उघडल्यावर जाणती माणसे आधी दिवा सोडून बघत. दिवा विझला तर आत उतरायचे नाही! (विज्ञानाच्या तासाला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.) घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी काठोकाठ भरली तर तेच काम करते. फक्त धान्य कडक वाळलेले हवे. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे.

उंदरांचे औषधही असेच. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मूल बोटाने चाटते, एक-दोन दिवस बरे दिसते आणि नंतर यकृत निकामी होते. तेव्हा "आता खेळतोय की" म्हणून घरी थांबू नका. त्यापेक्षा पिंजरा लावा, रात्री खरकटे झाका आणि फटी बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरातला लहान उंदीर येतो. तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावले की झाले. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात घरात उंदीर पडला की लोक घर सोडून शेतात झोपड्या घालून राहत. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावतात आणि रोग पसरतो, हे १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले. म्हणजे आपल्या माणसांची भीती चुकीची नव्हती.

राहिले डास. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे पिंप भरून ठेवणे कुणाला चुकत नाही. डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला अंडी चिकटवतो. अंडी कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देऊ नका, आठवड्यातून एकदा पिंप आतून घासा आणि तोंडाला कापड बांधा.

मुलाने विष खाल्ल्याची शंका आली तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचे पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना पहिल्यांदा तेच लागते.

दुसऱ्या दिवशी तो कंपासपेटीवाला मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, खडू आईने फळीवर उंच ठेवला. पण आजीच्या कोठीत दोन पुड्या निघाल्या. काल आम्ही सगळे काकांकडे झोपलो."