‘दिसलं’ म्हणायची घाई नको

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, सगळ्यांना दिसलं, मलाच नाही दिसलं,’ तेव्हा मला हसू आलं. तुझं नाही, माझंच. पहिल्यांदा मोठ्या दुर्बिणीपुढे रांगेत उभी होते ना, तेव्हा मीही स्टुलावर चढले, डोळा लावला, तर आत काळोख आणि चार-दोन तारे. मागे दहा जण कुडकुडत उभे. ‘हो हो, दिसलं, काय सुंदर!’ म्हणून मी खाली उतरले. ती थाप मला दोन वर्षं नडली. एकदा दिसलं म्हटल्यावर पुन्हा कुणाला विचारणार?

तर कार्तिकातल्या अमावास्येला तू माझ्याबरोबर ये. लक्ष्मीपूजनाची रात्रही अमावास्येचीच, पण फटाक्यांच्या धुरात काय डोंबल दिसणार! महिनाभर थांब. माळशेज चढून वर गेलं की जुन्नरच्या बाजूला आमच्या ओळखीचं एक शेत आहे, तिथे सोळा इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावू. आणि बघायची एकच गोष्ट: एनजीसी ७३३१ ही दीर्घिका. एका रात्रीत चाळीस वस्तूंवर खुणा करणारे असतात, त्यांना करू दे. जेवणही नंतरच, कारण अंधार पडतो तेव्हाच ती जवळजवळ डोक्यावर असते, जरा उत्तरेकडे कललेली.

ती सापडायला अवघड नाही. भाद्रपदांचा चौकोन तुला येतो. त्यातल्या पूर्वा भाद्रपदाचा वरचा, उत्तरेकडचा तारा धर, तिथून वायव्येला मातर हा तारा, आणि मातरपासून आणखी उत्तरेकडे, हात लांब करून तीन बोटांपेक्षा जरा कमीच. लहान दुर्बिणीतही एक लांबट धुरकट पट्टा दिसतो. सोळा इंचीत मधला गाभा उजळ होतो, आणि नीट बघत राहिलीस तर पट्ट्याची एक कड दुसरीपेक्षा कापल्यासारखी वाटते. तिथे त्या दीर्घिकेतली धूळ आडवी येते. कोणती कड, ते तू मला सांगायचं.

खरी परीक्षा तिच्या सोबतिणींची. एनजीसी ७३३५, ७३३६, ७३३७ आणि ७३४०. अमेरिकेतले हौशी निरीक्षक त्यांना सरळ पिसवा म्हणतात! प्रती मात्र तेरा ते साडेचौदाच्या घरात, म्हणजे लहान दुर्बिणीचं हे कामच नव्हे. आणि सोबतिणी म्हटलं तरी नात्यागोत्याच्या नव्हेत. मोठी दीर्घिका चार-पाच कोटी प्रकाशवर्षांवर, या साधारण तीस कोटी किंवा त्याहूनही पलीकडे. लग्नाच्या फोटोत नवरीच्या खांद्यामागे कुणी तरी उभं असतं, ना मुलाकडचं ना मुलीकडचं, तसंच हे.

त्या बघायच्या तर आधी अर्धा तास काळोखात नुसती बस. मोबाइल पर्समध्ये, पर्स गाडीत. एकदा स्क्रीन बघितलीस की तो अर्धा तास पहिल्यापासून. लोकरीची शाल आण, थंडीसाठी आणि डोक्यावरून घेऊन आयपीसभोवती आडोसा करण्यासाठीही. सोळा इंचीची फोकल लांबी अठराशे मिलिमीटर, नऊचा आयपीस लावला की दोनशे पट होतं. नवखी माणसं अंधुक वस्तूला कमी पट लावतात. पण या इतक्या बारीक आहेत की मोठ्या पटीत आकाश काळं पडलं तरच वेगळ्या उठून दिसतात. मग रोखून बघू नकोस. डोळ्याच्या मधोमध मंद उजेड टिपायची ताकद कमी असते, कडेला जास्त. म्हणून नजर जरा बाजूला ठेवायची आणि लक्ष मात्र तिथेच. श्वास रोखून धरू नकोस, त्याने उलट दिसेनासं होतं. नळीला बोटाने हळूच टिचकी मार. हललं की डोळा चटकन पकडतो. एखादा ठिपका येईल, जाईल, पुन्हा त्याच जागी येईल. तिसऱ्यांदा आला तर मोजायचा.

कोणत्या बाजूला बघायचं, ते मी सांगणार नाही, रागावलीस तरी. एकदा जागा कळली की डोळा नसलेलंही दाखवतो. मी तर नकाशा तोंडपाठ करून चारही ‘बघितल्या’ होत्या, आणि पुढे चित्राशी ताडलं तर माझी एक भलत्याच बाजूला! तू आधी चित्र काढ, नकाशा मग उघडू. दुर्बीण न हलवता तारे ज्या बाजूने बाहेर सरकतात ती पश्चिम, तेवढी खूण कागदावर असू दे. दोनच दिसल्या तर दोनच. शून्य असेल तर शून्य लिही, वेळ आणि दंव किती पडलं तेही लिही.

शेजारीच, चंद्राच्या रुंदीएवढ्या अंतरावर स्टीफनचं पंचक आहे. एदुआर स्टीफन यांनी ते १८७७ मध्ये मार्सेलहून शोधलं. २०२२ मध्ये वेब अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या चित्रांत ते झळकलं, तेव्हापासून सगळ्यांना तेच हवं असतं. आपण त्या रात्री तिकडे वळायचं नाही.

आणि लिहिण्याची काळजी करू नकोस. आपली ७३३१ विल्यम हर्शेल यांनी १७८४ मध्ये शोधली. त्या काळात ते दुर्बिणीपाशी उभे राहून ओरडून सांगायचे आणि धाकटी बहीण कॅरोलाइन दिव्यापाशी बसून टिपून घ्यायची, म्हणजे त्यांच्या डोळ्यांना उजेड लागायचा नाही. बिचारी १७८३च्या शेवटच्या रात्री बर्फात घसरून दुर्बिणीच्या लोखंडी आकड्यावर पडली, पाय फाटला. आपल्याकडे बर्फ नाही, आकडाही नाही. चित्र तेवढं तू काढ, तांबड्या मिणमिणत्या उजेडात. बाकी तू वरून बोल, मी खाली बसून लिहिते. आपल्यात निदान या वेळी थोरली लिहील.