एरर गिळणारी ओळ

दिवाळीनंतर कापसाची आवक जोरात असताना एका जिनिंगच्या सॉफ्टवेअरमधून अकरा शेतकऱ्यांना दोनदा पैसे गेले. वजनकाट्याची सर्व्हिस माझी, इथे चोपड्यात बसून लिहिलेली. बिल आणि पेमेंटच्या सर्व्हिस पुण्याच्या एका कंपनीच्या. पहिल्याच कॉलवर त्यांच्या आर्किटेक्टने निकाल देऊन टाकला, "काट्याकडूनच पावती दोनदा येतेय." पुढचे नऊ दिवस मी तेच ऐकलं. जिनिंगचे शेठ बाजारात समोरून आले आणि मान वळवून निघून गेले. ते अजून बोचतं.

माझ्या लॉगमध्ये प्रत्येक पावतीचा रिक्वेस्ट आयडी होता आणि प्रत्येक आयडीची एकच ओळ. तो आयडी त्यांच्याकडे पोचायचा, पण त्यांच्या लॉगमध्ये उतरत नव्हता. सुरुवातीलाच मी तो मागितला होता. "लॉगचं नंतर बघू," हे त्यांचं उत्तर माझ्या मेलमध्ये आजही आहे.

दहाव्या रात्री त्यांनी लॉगची फाइल पाठवली. तीत नुसतं "पेमेंट फेल". कारण नाही, स्टॅक नाही. लॉग लिहायला दोघंही पिनो हीच जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरत होतो, मग माझ्याकडे कारण छापलं जातं आणि त्यांच्याकडे का नाही? मी चार ओळींचा प्रोग्राम लिहून पाहिला. एरर आधी, संदेश नंतर: सगळं छापलं. संदेश आधी, एरर नंतर: एरर गायब! संदेशानंतर दिलेली गोष्ट पिनो त्या संदेशातल्या टक्केचिन्हाच्या जागी भरतो. तशी जागाच नसेल तर सोडून देतो. दिलेलं सगळं छापणाऱ्या कन्सोल डॉट लॉगची सवय असलेला माणूस नेमका इथे फसतो. पहाटेचे अडीच वाजले होते. बायकोला उठवून सांगितलं, "माझं नव्हतं."

सकाळी त्यांना "पेमेंट फेल" लिहिणाऱ्या ओळीतला क्रम उलटवायला लावला. तासाभरात दिसलं: बँकेकडून टाइमआउट, आणि त्यांचा कोड नवा संदर्भ क्रमांक घालून पुन्हा पैसे पाठवतोय. त्यावर "इश्यू रिझॉल्व्ह्ड" एवढाच मेल आला. या घोळापायी माझ्या बिलातून कापलेली रक्कम मात्र कापलेलीच राहिली.

म्हणून सांगतो. पिनोत एरर नेहमी पहिली द्या. ऑब्जेक्टमध्ये घालायची तर कीचं नाव ई-आर-आर, तीनच अक्षरं. पूर्ण 'एरर' लिहिलंत तर रिकामा महिरपी कंस छापला जातो, कारण जावास्क्रिप्टच्या एररमधला संदेश आणि स्टॅक जेसनमध्ये आपोआप उतरत नाहीत. वेळ सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहावी. लॉगमधली यूटीसी वेळ आणि काट्याच्या पावतीवरची भारतीय वेळ यांतल्या साडेपाच तासांच्या फरकाने आमचा एक अख्खा दिवस खाल्ला. त्यांच्या फाइलीत शेतकऱ्यांचे खातेक्रमांक उघडे होते, जे माझ्या नजरेस पडायलाच नको होते. पिनोत रिडॅक्टची सोय आहे, रकान्याचं नाव दिलं की मजकूर झाकला जातो. दोन मिनिटांचं काम.

लॉग जपण्याचंही तसंच. सर्व्हिस ज्यात चालतात ते डॉकर स्वतःहून जुने लॉग आवरत नाही, डिस्क भरते, मग कोणीतरी घाईत सगळं पुसतं. त्यांनी तेच केलं होतं. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात. लॉगचा बॅकअप ठेवा, मेल जपा.

आता मी करारालाच लॉगच्या एका ओळीचा नमुना जोडतो: वेळ, सर्व्हिसचं नाव, रिक्वेस्ट आयडी, एरर. त्यावर सही झाल्याशिवाय काट्याची वायर जोडत नाही.