लोक तुमचं ऐकतात, म्हणून

‘‘मॅडम, या सोसायटीत लोक तुमचं ऐकतात. संमतीपत्रं तेवढी गोळा करून द्या, फ्लॅटमागे तुमचं काय ते बघू.’’ पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन आलेल्या एका बिल्डरच्या माणसाने हे माझ्या ऑफिसात बसून, चहा पिता पिता सांगितलं. मी नाही म्हटलं. काम दुसऱ्या इस्टेट एजंटकडे गेलं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला, गणपतीत रात्र रात्र जागणारा, कुणाला रक्त हवं असलं की पहिला धावणारा. त्याच्या शब्दाखातर वयस्कर मंडळींनी कागद न वाचता सह्या केल्या. इमारत पाडली गेली, काही महिन्यांनी घरभाड्याचे चेक यायचे थांबले, आणि लोक बिल्डरच्या नव्हे, त्या मुलाच्या दारात जाऊन उभे राहिले. बिल्डरचं ऑफिस त्यांना ठाऊकही नव्हतं. याचं घर ठाऊक होतं.

एजंटने स्थानिक लोकांत मिसळावं, असं या धंद्यातला प्रत्येक जण नवख्याला सांगतो. मीही सांगते. डोंबिवलीत आमचा धंदा ओळखीवरच चालतो. पण मिसळून जो विश्वास मिळतो तो कशासाठी वापरायचा आणि कशासाठी अजिबात वापरायचा नाही, हे फारसं कुणी बोलत नाही. माझ्या डोळ्यांदेखत चांगली चांगली माणसं तिथेच अडकली आहेत.

आमच्या गावाला उत्सवांची हौस आहे. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा 1999 साली इथूनच सुरू झाली. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी एजन्सीचे बॅनर लागतात, पाणपोया लागतात. लावाव्यात. मंडळाची वर्गणीही मनापासून द्यावी. पण बॅनरवर आपलं नाव वाचून कुणी घराच्या चाव्या आपल्या हातात देत नाही. आपल्याकडे लोकांना देण्यासारखी एकच गोष्ट आहे: घराचे कागद आपल्याला वाचता येतात, आणि बहुतेक घरांत ते कुणालाच वाचता येत नाहीत.

हे मला मुद्रांक शुल्काच्या अभय योजनेच्या वेळी फार जवळून दिसलं. 1980 ते 2020 या काळातल्या दस्तांचं थकलेलं शुल्क आणि दंड यांत सवलत देणारी ही योजना राज्य सरकारने 2023च्या अखेरीस आणली. आमच्या भागात सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बिनलिफ्टच्या इमारती पुष्कळ. मी दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना विचारून रविवारी सकाळी त्यांच्या पार्किंगमध्ये टेबल टाकून बसू लागले. लोक कापडी पिशव्या, जुन्या मिठाईच्या डब्यांतले कागद घेऊन यायचे. एका आजोबांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं अ‍ॅग्रीमेंट उघडलं. नाममात्र किमतीच्या स्टॅम्प पेपरवर केलेलं, घड्यांवर फाटलेलं, नोंदणी झालेलीच नाही. त्यांनी फ्लॅट दुसऱ्या मालकाकडून घेतलेला, पण पहिल्या मालकाचं मूळ अ‍ॅग्रीमेंट गायब. म्हणजे मालकीच्या कागदांची चेन तुटलेली. उद्या विकायचं ठरवलं तर गिऱ्हाइकाला बँक सहज कर्ज देणार नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ‘‘अहो ताई, मला वाटलं शेअर सर्टिफिकेट आहे म्हणजे झालं,’’ ते म्हणाले. काय काय जमवायला लागेल ते मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि अर्ज कुठे करायचा ते सांगितलं.

त्या टेबलावर मी माझी कार्डं ठेवली नव्हती, आणि तुम्हीही ठेवू नका. कागद दाखवणारा माणूस आपल्या घरातली उणीव दाखवत असतो. त्याला त्याच क्षणी ‘विकायचा विचार आहे का’ असं विचारलं की तो पिशवी बंद करतो, आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही.

यातूनच मोठा धोका येतो. अशा कामात आपल्याला नको तेवढं कळतं. कुणाचे हप्ते थकलेत, कुठल्या भावांचं पटत नाही, कुणाचा मुलगा परदेशातून परत येणार नाही. धंद्यात या माहितीला भाव आहे. माझ्या ओळखीच्या एका काकूंकडे यजमानांच्या तेराव्यालाच एक एजंट गिऱ्हाईक असल्याचं सांगत आला. बातमी त्याला कुठून मिळाली, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं: सांत्वनाला आलेल्या दुसऱ्या एजंटकडून. काकूंनी पुढे फ्लॅट विकला खरा, पण त्या दोघांपैकी कुणालाही कळवलंसुद्धा नाही. त्यांना तेव्हा गरज होती ती एवढंच सांगणाऱ्याची, की नॉमिनी म्हणून नाव असलं तरी माणूस आपोआप मालक होत नाही, वारसांचे हक्क वेगळे असतात, तेव्हा मुलांशी बोलून वारसाहक्काचे कागद आधी करून घ्या.

ओळखीत खरं सांगणं जड जातं, पण तिथेच ते सर्वांत जास्त लागतं. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराचे क्रमांक मिळवले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्यांत साध्या नोकरदारांनी आयुष्यभराची पुंजी घातली होती. तेव्हा ‘महारेराचा नंबर आहे, बिनधास्त घ्या’ असं शेजाऱ्याला सांगू नका. परवानगी खरी आहे का, ते महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बघा, आणि बघितलं नसेल तर तसं सांगा. व्यवहार गेला तर जाऊ द्या.

पुनर्विकासात तर दहा वेळा विचार करा. 4 जुलै 2019च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते, आणि विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकांचा अधिकारी असतो, चित्रीकरण होतं. सभासदांनी समोरासमोर ठरवावं, म्हणून ही व्यवस्था आहे. दारोदार फिरून सह्या आणणारा ओळखीचा माणूस ती सगळी निकामी करतो. तुम्ही त्या सोसायटीला सल्ला देत असाल तर बिल्डरकडून एक रुपया घेऊ नका. घेणार असाल तर सल्ला देऊ नका, आणि सभेत पहिल्याच वाक्यात तसं सांगा.

पैशांचंही आधीच बोला. ओळखीत ब्रोकरेजचा विषय शेवटी काढला की दोन्हीकडे कडवटपणा येतो. कागद वाचून देणं फुकट, घर दाखवून व्यवहार केला तर इतके, असं मी पहिल्या भेटीतच सांगते. भाड्याच्या कामात मालक म्हणाले, ‘घरचाच मुलगा आहे, करार कशाला,’ तरी लेखी करार नोंदवूनच घ्या. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. आणि सोसायटीच्या निवडणुकीत कुठल्याही पॅनेलच्या बाजूने उभे राहू नका. अर्धी इमारत कायमची तुटते.

महारेराची परीक्षा पास होऊन नवे एजंट येतात आणि विचारतात, सुरुवात कुठून करू? तुम्ही स्वतः राहता त्या इमारतीपासून करा. नगर भूमापन कार्यालयातून जमिनीचं मालमत्ता पत्रक काढा. बहुतेक वेळा त्यावर सोसायटीचं नाव नसतं. बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं असतं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारं कन्व्हेयन्स (अभिहस्तांतरण) झालेलं नाही. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत तो उतारा सगळ्यांना दाखवा आणि मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो, हे सांगा. मंजूर नकाशा, सूची दोन, सभासदांची यादी जमवायला वेळ लागतो, कंटाळा येतो, कमिटीतले लोक मध्येच सोडून देतात. तुम्ही सोडू नका. त्या फाईलमागे धावताना इमारतीतलं एकेक घर तुम्हाला ओळखायला लागेल, आणि तुम्हीही त्यांना.